अदृश्य तेजाची नोंदवही

अकबर बादशहाच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्याची जी मोजदाद झाली, तिचा वृत्तान्त अबुल फजलाने 'ऐन-ए-अकबरी'त नमूद करून ठेवला आहे. आणि त्यात मेहकर सरकारातील लोणारचे जे वर्णन येते, त्यात त्या स्थानाच्या पावित्र्याबरोबरच तेथील द्रव्यांपासून काच व साबण सिद्ध होतात आणि सरकारी जमेत त्यामुळे चांगली भर पडते, ही गोष्टही अगत्याने सांगितलेली आहे. महसुलाच्या दृष्टीने मुलूख पाहणाऱ्या त्या लेखकाला, तेथील विवरात साचलेले सरोवर मुळात आले कोठून, हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराकडे युरोपीय विद्वानांचे लक्ष वेधले, त्यानंतरही सुमारे दीड शतक ते ज्वालामुखीचे मुख असावे की आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताचा व्रण असावा, याविषयीचा वाद कमीअधिक तीव्रतेने चालूच राहिला. आणि १९७३ च्या सुमारास, प्रचंड आघाताखाली स्फटिकाचे काचेत रूपांतर झाल्यावाचून जो निर्माणच होऊ शकत नाही, तो मॅस्केलिनाइट नावाचा पदार्थ तेथील खडकांत आढळल्याचे संशोधकांनी दाखवून दिले, तेव्हा कोठे त्या वादाचा निकाल आघाताच्या बाजूने लागला.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्याने उत्पन्न केले, तो अशनी मात्र कोणाच्या हाती लागलेला नाही. वस्तू नाही, पण तिच्या आघाताचा पुरावा आहे, आणि त्या पुराव्यावरून वस्तूचे स्वरूप, वेग व दिशा यांचा तर्क करावयाचा आहे, अशी जी ज्ञानाची रीत, जिला आपल्या नैयायिकांनी अनुमान या नावाने प्रमाणांत मानाचे स्थान दिले, तिच्यावरच आधुनिक खगोलशास्त्राची एक संपूर्ण शाखा उभी आहे. ही शाखा म्हणजे अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचे ज्योतिर्विज्ञान. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांच्या गाभ्यातून निघालेले हे किरण लोणारच्या विवरावर, बुलढाण्याच्या घाटावर आणि खामगावच्या बाजारपेठेवरही रात्रंदिवस येत असतात. परंतु त्यांपैकी एकही जमिनीपर्यंत पोचत नाही. आणि तरीही त्यांची नोंद जमिनीवरूनच घेतली जाते, हे या शास्त्राचे पहिले कौतुक होय.

आपल्या डोळ्यांना जो प्रकाश दिसतो, त्याच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा दोन ते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच असते. ज्या गॅमा किरणांना शास्त्रज्ञ 'अतिउच्च ऊर्जेचे' असे म्हणतात, त्यांच्या एकेका कणाची ऊर्जा दहा हजार कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून पुढे सुरू होते आणि एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ज्याला एक टेरा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशी संज्ञा आहे, तिच्याही कितीतरी पलीकडे जाते. कोणताही तारा कितीही तापला तरी केवळ उष्णतेच्या बळावर असा किरण उत्पन्न करू शकत नाही. त्यासाठी विद्युद्भारित कणांना निसर्गाने कोठेतरी विलक्षण वेग दिलेला असावा लागतो. म्हणूनच जेथून हा किरण आला तेथे काही असामान्य घडते आहे, हे तो आला एवढ्यावरूनच सिद्ध होते. शिवाय विद्युद्भार असलेले विश्वकिरण वाटेतील चुंबकीय क्षेत्रांत भरकटून आपले मूळ गाव हरवून बसतात, तर गॅमा किरण भाररहित असल्यामुळे सरळ मार्गाने येतो आणि आपल्या उगमाचा पत्ता बरोबर घेऊन येतो.

मात्र हे किरण अत्यंत दुर्मिळ. वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघ हा या क्षेत्रातला प्रमाणभूत मानलेला ठळक स्रोत. परंतु त्याच्याकडून येणारे एक टेराहून अधिक ऊर्जेचे फोटॉन पृथ्वीजवळ एका चौरस मीटरवर वर्षाकाठी जेमतेम सहा-सात पडतात. २००८ च्या जूनमध्ये अवकाशात गेलेल्या फर्मी उपग्रहावरील मुख्य गॅमा उपकरणाचे ग्राहक क्षेत्र चौरस मीटरभराच्या आसपास आहे, आणि तेवढ्या झोळीत या टोकाच्या ऊर्जेची भिक्षा कितीशी पडणार? उपग्रह कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी उत्तम आहे. पण एकरांनी मोजावे असे ग्राहक क्षेत्र हवे असेल तर ते अवकाशात नेता येत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या वातावरणालाच उपकरणाचा एक भाग करून घेतले.

गॅमा फोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात, साधारण वीस किलोमीटर उंचीवर, एखाद्या अणुकेंद्राजवळून जाताना स्वतः नष्ट होतो आणि त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन अशी जोडी उत्पन्न होते. हे दोघे पुढे जाताना नवे गॅमा फोटॉन सोडतात, त्यांच्यापासून पुन्हा जोड्या होतात, आणि एखाद्या मोठ्या वतनाची पिढ्यान्पिढ्या भाऊबंदांत वाटणी होत होत शेवटी एकेकाच्या वाट्याला पोटही भरू नये इतका तुकडा यावा, त्याप्रमाणे मूळ ऊर्जेचे वाटेकरी वाढत जाऊन अखेरीस कोणापाशीच नवी प्रजा निर्माण करण्याइतके बळ उरत नाही. ही वंशवृद्धी साधारण दहा किलोमीटर उंचीवर शिगेला पोचते आणि पुढे विरून जाते. परंतु तेवढ्या अवधीत हे कण हवेतील प्रकाशाच्या वेगाहून अधिक वेगाने धावत असतात. निर्वातातील प्रकाशवेग कोणालाच ओलांडता येत नाही, हे खरे. पण हवेत प्रकाश स्वतःच किंचित मंदावतो आणि कणांना तेवढी फट पुरते. त्यामुळे ते एक मंद निळसर प्रकाश सोडतात. १९३४ साली पावेल चेरेन्कॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने द्रवांमध्ये या प्रकाशाचा शोध लावला, आणि १९५८ चे नोबेल पारितोषिक त्याला, व त्याची उपपत्ती सांगणाऱ्या फ्रँक आणि ताम यांना, विभागून मिळाले.

हा निळा लखलखाट एका सेकंदाच्या अब्जांशाच्या हिशेबात अवघे चार-पाच अंश टिकतो. जमिनीवर मात्र तो सुमारे १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरतो, म्हणजे अकरा-बारा एकरांच्या शेतावर तो एकाच वेळी उतरतो. त्या शेतात कोठेही आरसा मांडून ठेवला, आणि आरशाच्या नाभिस्थानी अतिशीघ्र प्रकाशगुणक नलिका बसविल्या, की त्या एका आरशाचे ग्राहक क्षेत्र जणू बारा एकर होते. अशा शेतावर खेकडा तेजोमेघाचा एखादा किरण दर दोन-तीन मिनिटांस हजेरी लावतो.

रात्रीच्या आकाशातील प्रकाशात या लखलखाटांचा अल्पसा वाटा असला पाहिजे, हे ब्लॅकेट या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४८ साली गणिताने दाखविले होते. १९५३ साली इंग्लंडातील हारवेल येथे गॅलब्रेथ व जेली या दोघांनी कचऱ्याच्या डब्यात पंचवीस सेंटिमीटरचा एक आरसा आणि एक प्रकाशगुणक नलिका ठेवून तो वाटा प्रत्यक्ष पकडला. शास्त्राच्या इतिहासात इतक्या स्वस्त साहित्याने इतके मोठे दार उघडल्याची उदाहरणे थोडीच असतील. पण दार उघडले तरी आत शिरावयास छत्तीस वर्षे लागली, आणि त्याचे कारण असे की, गॅमा किरणांमुळे पडतो तसाच लखलखाट विश्वकिरणांतील प्रोटॉनांमुळेही पडतो आणि प्रोटॉनांची संख्या गॅमा किरणांच्या हजारपट वा त्याहूनही अधिक असते. हजार खोट्या अर्जांतून एक खरा अर्ज निवडावयाचा, आणि शिक्के सर्वांवर सारखेच! हा पेच हिलास या शास्त्रज्ञाने १९८५ साली सोडविला. गॅमा किरणाच्या वर्षावाची प्रतिमा सुबक, निमुळत्या लंबवर्तुळासारखी आणि स्रोताच्या दिशेला तोंड करून असलेली. प्रोटॉनाची प्रतिमा मात्र विस्कळीत, फाटलेली आणि भलत्याच दिशेची. हा भेद त्याने मोजमापांत बसविला. १९८९ साली ॲरिझोनातील व्हिपल वेधशाळेच्या दहा मीटर व्यासाच्या दुर्बिणीने ट्रेव्हर वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खेकडा तेजोमेघाचे गॅमा किरण निःसंशय दाखविले, तेव्हा हे शास्त्र वयात आले.

याच दुर्बिणीने १९९२ साली आपल्या दीर्घिकेच्या सीमा ओलांडल्या. सप्तर्षींच्या परिसरात मार्केरियन ४२१ नावाची एक दीर्घिका आहे, तिच्या गाभ्यातून टेरा ऊर्जेचे किरण येत असल्याचे त्या वर्षी जाहीर झाले. ही दीर्घिका सुमारे चाळीस कोटी प्रकाशवर्षे दूर असून, आर्मेनियातील ब्युराकान वेधशाळेत बसून नीलातीत प्रकाशाने उजळलेल्या दीर्घिकांची सूची करणाऱ्या बेंजामिन मार्केरियनचे नाव तिला लागलेले आहे. १९९६ मध्ये शौरी तारकासमूहातील मार्केरियन ५०१ तिच्या पंगतीला येऊन बसली. या दोन्ही दीर्घिकांच्या केंद्रस्थानी कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे आहेत. त्यांत पडणारे द्रव्य चकतीच्या आकाराने भोवती फिरत राहते आणि त्यातील काही अंश, अद्याप पुरता न उलगडलेल्या रीतीने, दोन विरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोतासारखा फेकला जातो. ज्या दीर्घिकेचा झोत योगायोगाने थेट आपल्या रोखाने आहे तिला ब्लेझार म्हणतात. आणि झोत आपल्याकडे वेगाने येत असल्यामुळे त्याचे तेज कैकपटींनी वाढून दिसते. त्या झोतातील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना क्ष-किरण सोडतात आणि तेच इलेक्ट्रॉन त्या किरणांवर आदळून त्यांना गॅमा किरणांच्या पदवीस चढवितात, ही आजची बहुमान्य उपपत्ती. क्ष-किरण व गॅमा किरण बहुधा एकाच वेळी भडकतात, हा तिच्या बाजूचा पुरावा. प्रोटॉनांचाही यात हात असावा, असे मानणारा पक्ष मात्र आजही हार मानावयास तयार नाही.

या भडक्यांचा वेग हेच मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत बोलके प्रमाण वाटते. कोणताही स्रोत, प्रकाशाला तो ओलांडावयास जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात आपले तेज दुप्पट करू शकत नाही, हा साधा नियम. २००६ च्या जुलैत नामिबियातील हेस दुर्बिणींनी पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे तेज काही मिनिटांत दुप्पट होताना पाहिले. झोताच्या वेगाचा सर्व हिशेब जमेस धरूनही त्यावरून असे निघते की, लक्षावधी प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यातून नव्हे, तर गाभ्यातील अगदी आखूड जागेतून हे तेज येते. कन्या राशीतील एम ८७ या दीर्घिकेचीही गोष्ट तशीच. ती केवळ साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, तिचा झोत आपल्याकडे रोखलेला नाही, आणि तरीही तिचे गॅमा तेज काही दिवसांत बदलते, हे हेसच्या गटाने २००६ मध्येच प्रसिद्ध केले. तिच्या गाभ्यातील ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची छाया जगाने छायाचित्रात पाहिली ती त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१९ च्या एप्रिलमध्ये.

आता आपल्या देशाकडे, आणि विशेषेकरून मुंबईकडे, वळू. होमी भाभांच्या पुढाकाराने १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचा अभ्यास हा प्रारंभापासूनच कुळधर्मासारखा चालत आला होता. स्पंदक ताऱ्यांचा शोध जाहीर झाल्याबरोबर, १९६९ साली, श्रीकांतन, रमण मूर्ती आदी संशोधकांच्या या संस्थेने निलगिरीतील उटकमंड येथे शोधदिव्यांचे दोन जुने आरसे लावून चेरेन्कॉव्ह प्रकाशाची टेहळणी सुरू केली; म्हणजे जगात हे शास्त्र चाचपडत होते, त्याच वेळी आपणही चाचपडत होतो, मागाहून नव्हे. उटीचे आकाश फार ढगाळ, म्हणून १९८० च्या दशकात हा सरंजाम सातपुड्यात पचमढीला हलविण्यात आला.

पचमढीचे नाव वऱ्हाडात कोणाला सांगावयास नको. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीस त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडाला जाणारी मंडळी विदर्भातील गावोगावी आहेत. पण ज्या डोंगरात आपण महादेवाचे दर्शन घेतले, त्याच डोंगरात बुलढाण्यापासून हवाई अंतराने सुमारे तीनशे किलोमीटरांवर, मार्केरियन ४२१ च्या गाभ्याची टेहळणी करणाऱ्या पंचवीस दुर्बिणी उभ्या होत्या, हे त्यांतील किती जणांच्या कानी गेले असेल, याची शंकाच आहे. यातील प्रत्येक दुर्बिणीत ०.९ मीटर व्यासाचे सात अन्वस्तीय आरसे. आणि सर्व दुर्बिणी मिळून ८० मीटर रुंद व १०० मीटर लांब अशा मैदानात पसरलेल्या. प्रतिमा न घेता, प्रकाशाची लाट कोणत्या आरशापाशी नेमकी केव्हा पोचली याची वेळ सेकंदाच्या अब्जांशापर्यंत टिपायची, आणि त्या वेळांच्या फरकांवरून किरणाची दिशा काढायची, अशी ही पद्धत होती. पावसाळ्याचे महिने बंद, चांदण्या रात्री बंद, धुके पडले की बंद. उरलेल्या काळोखात काम.

या पचमढीच्या प्रयोगाने मार्केरियन ४२१, मार्केरियन ५०१ आणि आणखी काही ब्लेझारांचे दीर्घकाळ वेध घेतले आणि जे प्रसिद्ध केले, त्याचा मोठा भाग 'यापेक्षा अधिक तेज आढळले नाही' अशा कमाल मर्यादांचा आहे. वृत्तपत्रांना अशा निकालात गोडी नसते आणि सरकारी अहवालात तो एका ओळीत आटोपतो. मला मात्र हाच भाग आदरणीय वाटतो. स्रोत गप्प असताना 'गप्प आहे' अशी प्रामाणिक नोंद करणारा कोणी नसेल, तर तो बोलल्याची नोंद तरी विश्वासार्ह कशी ठरावी? आढळले नाही ते आढळले असे भासवून या शास्त्राने १९७०-८० च्या दशकांत जगभर पुष्कळ नामुष्की पत्करलेली आहे. नंतर ज्यांचा कोणालाच प्रत्यय आला नाही अशा शोधांची त्या काळी लयलूट होती. पचमढीच्या वहीतील नकार त्या पार्श्वभूमीवर वाचावयास हवेत.

मुंबईच्याच दुसऱ्या टोकाला, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने काश्मीरात गुलमर्ग येथे याच विषयाचा पाया घातला होता. १९९० च्या दशकात ते काम राजस्थानात अबूच्या पहाडावर, १,३०० मीटर उंचीवर आले. तेथील 'टॅक्टिक' ही दुर्बीण साठ सेंटिमीटर व्यासाच्या चौतीस आरशांची, साडेनऊ चौरस मीटर क्षेत्राची, आणि तिचा कॅमेरा ३४९ प्रकाशगुणक नलिकांचा. मात्र या पूर्ण रूपात येण्याआधीच, १९९७ साली, केवळ ८१ नलिकांच्या अर्ध्याकच्च्या अवस्थेत, तिने नशीब काढले. त्या वर्षी मार्केरियन ५०१ अशी काही भडकली की काही काळ ती खेकडा तेजोमेघाहूनही तेजस्वी झाली, आणि अबूच्या दुर्बिणीने तिला अचूक टिपले. पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी तेथून निघालेले किरण नेमके दुर्बीण उभी राहिली त्याच वर्षी येऊन पोचावेत, याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे. शास्त्रज्ञांनी त्याला उत्तम सुरुवात म्हटले आणि ते कामाला लागले.

पुढचा टप्पा लडाखचा. उंची जितकी अधिक तितके आपण वर्षावाच्या शिखराजवळ जातो, प्रकाश कमी विरलेला मिळतो, आणि कमी ऊर्जेचे किरणही पकडता येतात; आणि हे कमी ऊर्जेचे किरण हवेत यासाठी की, दूरच्या दीर्घिकांकडून येणारे अधिक ऊर्जेचे किरण वाटेतच, विश्वात पसरलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाशी टक्कर होऊन नष्ट होतात. म्हणून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, हानले येथे, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची टाटा संस्था यांनी 'हगार' ही सात दुर्बिणींची मालिका उभी केली. २००८ पासून तिचे नियमित वेध सुरू झाले. २०१० च्या फेब्रुवारीत मार्केरियन ४२१ भडकली तेव्हा तो भडका लडाखमधील हगारने आणि अबूवरील टॅक्टिकने, दोघांनीही पाहिला. एकाच घटनेच्या दोन स्वतंत्र साक्षी, दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या उपकरणांच्या, दोन वेगवेगळ्या डोंगरांवरून! न्यायालयातही यापेक्षा अधिक काही मागत नाहीत.

त्याच हानलेला ट्रॉम्बेच्या केंद्राने हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या साहाय्याने 'मेस' ही २१ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली. सुमारे १८० टन वजनाचा हा सांगाडा. त्यावर ३५६ फलकांत बसविलेले १,४२४ धातूचे आरसे. कॅमेऱ्यात १,०८८ नलिका. आशियातील ही या जातीची सर्वांत मोठी, आणि जगातील सर्वांत उंचावरची दुर्बीण. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी अणुऊर्जा खात्याचे सचिव अजितकुमार मोहंती यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, परंतु तिचे डोळे त्यापूर्वीच उघडले होते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ययाति तारकासमूहातील एनजीसी १२७५ या दीर्घिकेच्या गाभ्यात जो भडका उडाला, तो तिने टिपून जगभरच्या निरीक्षकांना कळविलाही होता.

आपल्या स्वतःच्या आकाशगंगेच्या गाभ्याचे काय, हा प्रश्न येथे ओघानेच येतो. हा गाभा सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, मूळ नक्षत्राजवळ, वृश्चिकाची नांगी जेथे धनूच्या सीमेला भिडते त्या बाजूला आहे. तेथील कृष्णविवर चाळीस-बेचाळीस लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे, म्हणजे या घराण्यात लहानसेच, आणि सध्या तरी अतिशय शांत. तरीही २००४ साली हेस दुर्बिणींनी त्या दिशेकडून अतिउच्च ऊर्जेचे किरण येत असल्याचे दाखविले. आणि २०१६ साली त्याच गटाने असे मांडले की, गाभ्याभोवतीच्या वायुमेघांतून येणारे गॅमा तेज केंद्रापासून दूर जावे तसतसे ज्या प्रमाणात घटते, त्यावरून केंद्राजवळील कोणी कर्ता हजारो वर्षे अखंडपणे प्रोटॉनांना एक हजार टेरा ऊर्जेपर्यंत चढवून बाहेर पाठवीत असला पाहिजे. तो कर्ता म्हणजे ते कृष्णविवरच, असा त्यांचा कल. जवळच असलेल्या स्पंदक ताऱ्याच्या तेजोमेघाकडे बोट दाखविणारेही आहेत. माझ्या मते प्रोटॉनांच्या उगमाविषयीचा युक्तिवाद सबळ आहे, पण कृष्णविवरावरचा आरोप अजून परिस्थितिजन्य पुराव्यावरच उभा आहे.

या वादात मेसला बोलता येईल काय? नामिबियातून हा गाभा जवळजवळ डोक्यावर येतो. हानलेहून तो दक्षिण क्षितिजाच्या वर जेमतेम २८ अंशांपर्यंत चढतो. इतक्या तिरप्या दिशेने येणाऱ्या वर्षावाचा प्रकाश अधिक दूरून येतो, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण हातचे जातात. पण तोच प्रकाश जमिनीवर फार मोठ्या क्षेत्रात पसरतो, आणि म्हणून टोकाच्या ऊर्जेचे दुर्मिळ किरण सापडण्याची शक्यता वाढते. वाद ज्या किरणांवर अडला आहे ते नेमके हेच. लोणारहून हा गाभा ४१ अंशांपर्यंत वर येतो, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. पण बुलढाण्याला ४,३०० मीटरांचा डोंगर कोठून आणावा?

महाराष्ट्राचा या शास्त्राशी असलेला संबंध मुंबईतील दोन संस्थांपुरताच नाही. विश्वकिरणांची २९ वी आंतरराष्ट्रीय परिषद २००५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात भरली होती. सक्रिय दीर्घिकांच्या गाभ्यांवरील एक प्रमाणभूत इंग्रजी ग्रंथ अजित केंभावी आणि जयंत नारळीकर या महाराष्ट्रातील दोन शास्त्रज्ञांनी मिळून १९९९ साली केंब्रिजहून प्रसिद्ध केला. नारायणगावाजवळ खोडदला असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण याच गाभ्यांचे रेडिओ तेज पाहते. इतके असूनही मराठीत या विषयावर लिहिलेले अल्प आहे, आणि जे आहे ते बहुधा पाठ्यपुस्तकी; याचा दोष शास्त्रज्ञांकडे जितका जातो तितकाच आम्हा लेखकांकडेही जातो.

ज्या वाचकांना प्रत्यक्ष आकाशात या जागा पाहावयाच्या असतील त्यांनी चैत्र-वैशाखाच्या अंधाऱ्या पक्षात उत्तरेस सप्तर्षी शोधावेत, आणि पाऊस सरल्यावर, आश्विनाच्या आरंभी, संध्याकाळी नैऋत्येस मूळ नक्षत्र पाहावे. लोणारच्या काठावरून ही दोन्ही दृश्ये अद्याप चांगली दिसतात. गावोगावी लागत चाललेल्या झगझगीत दिव्यांनी ती दिसेनाशी होण्यापूर्वी पाहून घ्यावीत. आणि बुलढाणा, चिखली, मलकापूर, खामगाव येथील महाविद्यालयांतून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगावयाचे की, हानले आणि अबू येथील दुर्बिणी चालविणारी माणसे ज्या ट्रॉम्बेच्या केंद्रातून जातात, त्याची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालू आहे, एम.एस्सी. झालेल्यांना व अभियांत्रिकीच्या पदवीधरांना ती दरवर्षी निवड करून प्रवेश देते, आणि निवड झालेल्यांना शिक्षणकाळात विद्यावेतनही मिळते. तिची जाहिरात निघाली की अर्ज करावा.